मफलरच्या कडा वळतात त्यावर

हाताने विणलेल्या मफलरबद्दल इथे कुणीतरी सल्ला दिलाय, 'कडा आत वळल्या तर इस्त्री फिरवा', तो पटला नाही. आपल्याकडे म्हापशात, मडगावात मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिकची लोकर, गरम इस्त्रीने ती कायमची लुळी पडते. कडा वळतात त्या एक ओळ सुलट टाक्यांची (निट), एक उलट टाक्यांची (पर्ल) विणल्याने. नवशिक्याने सगळ्या ओळी सुलटच विणाव्यात, मफलर सपाट राहतो.

रंगीत पट्ट्यांचं मात्र इथे कुणी लिहिलं नाही. रंग नेहमी एकाच बाजूने बदला, म्हणजे दोन, चार, सहा ओळींनी. दोन रंगांच्या जोडावरची तुटक रेघ मग सगळी मागेच राहते. बारीक पट्ट्यांना दर वेळी धागा कापू नका, कडेने सैल वर न्या. ओढलात तर ती कड आखडते. आणि लांबी लटकवून मोजा. इंग्लंडात स्विंडनला भाच्याला पाठवलेला मफलर वापरून चांगला वीतभर वाढला, स्वतःच्याच वजनाने.