चेनसॉ स्लोवर बंद पडतो आणि बारला तेल पोहोचत नाही

प्रश्न (मुलुंडकर):
नमस्कार मंडळी. पावसाळ्यापूर्वी महापालिकेच्या उद्यान खात्याची रीतसर परवानगी घेऊन आम्ही सोसायटीतील दोन रेन ट्रींच्या फांद्या छाटून घेतो, आणि खाली पडलेल्या फांद्यांचे तुकडे करण्यासाठी सोसायटीचे ५२ सीसीचे चेनसॉ मशीन आहे. यंदा ते स्लो धरत नाही, म्हणजे रेस न देता मंद गतीने चालू राहत नाही; रेस सोडली की इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि मग ते बंद पडते. एका मेकॅनिकने स्लोचा स्क्रू आवळून दिल्यामुळे आता ते बंद पडत नाही, परंतु रेस सोडल्यावरही चेन फिरतच राहते. शिवाय तेलाची टाकी भरलेली असूनही चेन कोरडी राहते आणि बारची (चेन जिच्या कडेने फिरते त्या पोलादी पट्टीची) कड निळसर पडली आहे. तेल म्हणून गॅरेजमधून आणलेले जुने इंजिन ऑइल वापरतो. ही दोन्ही दुखणी एकाच कारणाने असतील का?

उत्तर १ (कुर्ला वर्कशॉप):
सर्वप्रथम, हे मशीन आज कोणाच्याही हाती देऊ नका. रेस सोडल्यावर चेन थांबलीच पाहिजे. ती फिरत राहिली तर एक पाऊल चुकले तरी मांडीला लागते. स्लोचा स्क्रू चेन थांबेपर्यंत मागे घ्या. त्यानंतरही ती फिरली, तर क्लचची स्प्रिंग तुटली आहे किंवा ताणली गेली आहे.

दोन्ही दुखणी वेगळी आहेत. आवाज चढून मग इंजिन बंद पडणे हे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जात असल्याचे लक्षण आहे. मशीन स्लोवर ठेवून एकदा डाव्या आणि एकदा उजव्या कुशीवर कलवून पाहा. कलवताना आवाज बदलत असेल, तर कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामधल्या रबरी नळीला चीर गेली असण्याची शक्यता मोठी आहे, कारण मशीनचा भार एका बाजूला गेला की ती चीर उघडते. नळी धड निघाली, तर टाकीतला पेट्रोल फिल्टर, कार्ब्युरेटरचा डायफ्रॅम (आतला पातळ पडदा) आणि शेवटी क्रँकचे सील (इंजिनाच्या फिरत्या दांड्याभोवतीच्या रबरी कड्या), या क्रमाने पाहा. चीर तशीच ठेवून केवळ स्क्रू फिरवत राहिलात, तर कमी पेट्रोल आणि त्यामुळे कमी टूटी ऑइल (पेट्रोलमध्ये मिसळायचे टू-स्ट्रोक इंजिनाचे तेल) मिळून पिस्टन धरेल, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकेल.

आता तेलाविषयी. बार आणि चेन काढून ठेवा, मशीन चालू करून थोडी रेस द्या आणि बार जिथे बसतो तिथल्या छिद्रातून तेल येते का ते पाहा. तेल येत असेल तर पंप ठीक असून बारचे छिद्र किंवा खाच भुशाने बुजली आहे. येत नसेल तर टाकीतल्या नळीच्या टोकाची जाळी आणि पंप फिरवणारा वर्म गिअर (स्क्रूसारखे आटे असलेला) तपासा. प्लास्टिकच्या वर्मचे दाते झिजतात. बऱ्याच मशीनमध्ये पंप क्लचच्या ड्रमवर चालतो, म्हणून चेन थांबलेली असताना तेल न येणे हा दोष नव्हे. जुने इंजिन ऑइल मात्र आजच बंद करा. त्यातला धातूचा कीस आणि काजळी पंप, जाळी आणि बार या तिघांनाही खाते.

उत्तर २ (ठाणेकर):
मागच्या पावसाळ्यातले मिश्रण टाकीत राहिले असेल तर ते काढून टाका. इथेनॉलमिश्रित पेट्रोल दमट हवेतले पाणी ओढून घेते आणि डायफ्रॅम कडक होतो. आमच्या मशीनच्या पुस्तिकेप्रमाणे आम्ही एका लिटरला २० मिलिलिटर टूटी ऑइल घालतो आणि आठवड्यात संपेल इतकेच बनवतो.

मुलुंडकर:
आपणा दोघांचा मनःपूर्वक आभारी आहे. डाव्या कुशीवर कलवताच आवाज चढला. रबरी नळी काढून वाकवली तेव्हा खालच्या वळणात नखभर लांबीची चीर दिसली. नागदेवी स्ट्रीटवर तशीच नळी मिळाली. पंपातून तेल येत होते, परंतु बारच्या छिद्रात काळा, डांबरासारखा लगदा बसला होता, तो तारेने काढला आणि खाचही पातळ पट्टीने साफ केली. जाळी धुऊन आता बारचे चिकट तेल घातले आहे. स्लोचा स्क्रू मागे घेतल्यावर चेन थांबते. रेस देऊन बारचे टोक पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर धरले, तेव्हा त्यावर तेलाची बारीक रेघ उमटली. निळी पडलेली कड किंचित वाकलेली वाटते. तो बार वापरावा का?

कुर्ला वर्कशॉप:
वापरू नका. निळेपणा म्हणजे तिथल्या पोलादाचा कडकपणा गेला आहे, आणि कड वाकली असेल तर चेन खाचेतून सुटू शकते. नवा बार घ्या आणि चेनला धार लावताना दर वेळी तो उलटा बसवत जा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील. पेट्रोलची एक टाकी संपेल तेव्हा तेलाची टाकीही जवळजवळ रिकामी झालेली दिसायला हवी. ती अर्धी भरलेली राहिली तर मशीनखालचा तेलाचा स्क्रू थोडा मोकळा करून पुन्हा पुठ्ठ्यावर पाहा.