पेगन मार्गासाठी एकच पुस्तक घ्यायचं तर कोणतं?

बर्डीवाली: पेगन म्हणजे युरोपातल्या ख्रिस्ती धर्माआधीच्या निसर्गपूजेवरून घेतलेले आजचे पंथ, त्यातले विक्का (जादू अन् ऋतूंचे सण मानणारा), ड्रुइड (जुन्या केल्ट पुरोहितांवरून नाव घेतलेला) वगैरे वाचून राहिली सध्या, पण सगळं मोबाइलवर तुकड्यातुकड्यात. बजेट एकाच पुस्तकाचं आहे अन् ग्रुप वगैरे काही नाही, एकटीच. कोणतं घेऊ?

संत्रावाला: मग स्कॉट कनिंगहॅमचं 'विक्का' घे, 1988 चं, एकट्यानं करणाऱ्यांसाठीच लिहिलंय, भाषा एकदम सोपी. फक्त त्यातले सण जसेच्या तसे नको उचलू, 21 जूनला तिकडे युरोपात उन्हाळ्याचा मध्य अन् आपण तोवर मे भाजून पावसाची वाट पाहून राहिलेलो असतो.

धरमपेठ_काकू: मी तर रोनाल्ड हटनचं 'द ट्रायम्फ ऑफ द मून' म्हणीन (1999). विधी शिकवत नाही, जाडजूड इतिहास आहे, पण विक्का हजारो वर्षं जुनी नाही, गेल्या शतकात जेराल्ड गार्डनरनं पुढे आणली हे त्यात नीट कळते, मग कोणी काहीही पुड्या सोडो.

संत्रावाला: काकू, नवीन पोरीले एवढं जाड कायले देता 😄

महालकर: पहिले कनिंगहॅमच. अन् पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या नागपूरची मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, पाहायला ये, 'घेऊन जा गे मारबत' ओरडत रोगराई बाहेर नेऊन जाळतात ते पण पाहून घे.

बर्डीवाली: ओके, कनिंगहॅम फिक्स. सेकंडहँड भेटते का कुठं?