कोरड्या, टणक वाटांसाठी माउंटन बाइकचं टायर: दोन्ही चाकांना बुटके नॉब की फक्त मागे?

टणकवाट:
पाऊस थांबून काही महिने झाले की माती वाळून फरशीसारखी होते आणि वर धुळीचा पातळ थर बसतो. तरी बऱ्याच बाइकवर बारा महिने तेच उंच, विरळ नॉबचं (नॉब म्हणजे टायरवरचे रबराचे उठाव) टायर चढवलेलं असतं. माझं मत असं की कोरड्या मोसमात दोन्ही चाकांना बुटक्या आणि दाट नॉबचं टायर लावावं.

नॉबचं काम जमिनीत रुतण्याचं. टणक जमिनीत तो रुततच नाही, त्यामुळे तिथली पकड येते ती जमिनीला प्रत्यक्ष टेकलेल्या रबरातून. नॉब विरळ असले तर टेकणारं रबर कमी पडतं, उंच असले तर भार आला की मुळाशी वाकतात. हे हातानेही कळतं. हवा भरलेल्या टायरचा कडेचा एक नॉब अंगठ्याने आडवा दाबा. अंगठ्याच्या जोराने तो दोन मिलिमीटर झुकत असेल, तर वळणात बाइक आणि स्वार दोघांचा भार त्याच्यावर आल्यावर काय होईल? तो आधी वळवळतो, मग एकदम सुटतो. टणक जमिनीवर असे नॉब मुळाशी चिरतातही. मधली पट्टी झिजायच्या आधीच कडेचे नॉब अर्धे उखडलेलं टायर पाहिलं की कारण ओळखावं.

माझी जोडी: पुढे मॅक्सिस रेकॉन २.४ (आकडा रुंदीचा, इंचांत), मागे आयकॉन २.३५. किंवा दोन्हीकडे व्हिटोरिया मेझकल. कोणाला पटत नसेल तर कारणासकट लिहा.

पुढचंचाक:
मागच्या चाकाचं मान्य. पुढच्याचं अजिबात नाही.

मागचं चाक घसरलं तर बाइक आडवी होते, पण कंबर हलवून, ब्रेक सोडून ती सावरता येते. पुढचं सुटलं तर सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून पुढचं टायर वाटेतलं सर्वांत वाईट वळण डोळ्यांसमोर ठेवून निवडायचं. बाकीची वाट सोपी आहे म्हणून पुढे हलकं टायर चालेल, हा हिशेब चुकीचा आहे.

तुम्ही मधले नॉब आणि कडेचे नॉब एकाच मापाने मोजताय. मधले बुटके, दाट आणि पुढच्या बाजूने उतरते असले तर उत्तमच, चाक मोकळं पळतं. पण बाइक झुकली की सगळं काम कडेच्या नॉबवर येतं. तिथे उंचीपेक्षा बूड महत्त्वाचं: रुंद बूड, मागून टेकू दिलेला, वर बारीक चिरा. असा नॉब उंच असूनही तुमच्या अंगठ्याने झुकणार नाही. रेकॉनचे कडेचे नॉब लहान आहेत. धुळीखाली टणक माती असलेल्या उलट्या उताराच्या, म्हणजे बाहेरच्या बाजूला कललेल्या वळणावर ते अपुरे पडतात.

कॉन्टिनेंटलचं झायनोटल पाहा. ते खास टणक, कोरड्या जमिनीसाठी केलेलं उताराचं टायर. मधले नॉब दाट आहेत, पण कडा कुठेही नाजूक केलेली नाही. मॅक्सिसमध्येच राहायचं तर पुढे डिसेक्टर २.४ आणि मागे तुमचं रेकॉन.

एक सावधगिरी मात्र हवी. मॅक्सिसच्याच मिनियन डीएचएफमध्ये मधल्या आणि कडेच्या नॉबच्या मध्ये मोकळी पट्टी आहे. बाइक पुरेशी झुकवली नाही तर भार नेमका त्या पट्टीवर येतो आणि चाक तरंगल्यासारखं वाटतं. बेताबेताने वळणाऱ्याने टणक वाटेवर पुढे डीएचएफ लावू नये. असेगाईमध्ये ती पट्टी नॉबने भरलेली आहे, पण ते टायर चढावर जड जातं.

फुफाटा:
तुमच्या दोघांच्या बोलण्यात 'टणक' म्हणजे एकच काहीतरी आहे. प्रत्यक्षात तीन वेगळ्या जमिनी आहेत आणि त्यांची उत्तरं वेगळी आहेत.

वाटेवर उतरून टाच जोरात घासा. खाली लगेच टणक लागलं आणि बुटाला नुसती पूड चिकटली, तर टणकवाट यांचं बरोबर, बुटके नॉब लावा. टाचेखाली बारीक खडी गोल-गोल फिरली, तर ती सर्वांत फसवी जमीन. आणि टाच दोन सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त आत गेली, तर तो फुफाटा. तो कोरडा असला तरी वागतो सैल मातीसारखाच. तिथे खालच्या टणक थरापर्यंत पोचणारे उंच, मोकळे नॉबच लागतात. महिनाभर वर्दळ झाली की पहिल्या प्रकारची वाट तिसऱ्या प्रकारात जाते, विशेषतः ब्रेक लावण्याच्या जागी आणि वळणांच्या आतल्या बाजूला. मोसमाच्या सुरुवातीला बसवलेलं टायर शेवटी चुकीचं वाटू लागतं ते यामुळे.

मधल्या प्रकाराबद्दल थोडं जास्त लिहितो. मागे श्वाल्बे रॉक रेझर किंवा मिनियन एसएससारखं टायर लावा, अशी शिफारस नेहमी होते. मध्ये जवळपास सपाट, कडेला मोठे नॉब. बसून चढताना आणि झुकून वळताना ते छान चालतं. ब्रेक लावताना मात्र बाइक सरळ असते, कडेचे मोठे नॉब जमिनीला टेकतच नाहीत आणि मधल्या पट्टीला ब्रेकसाठी धारच नसते. खडीचे दाणे तिच्याखाली छऱ्यांसारखे फिरतात. उतार उभा आणि लांब असेल तर असं टायर टाळा. मध्ये आडव्या धारेचे, निदान तीन मिलिमीटर उंच नॉब हवेत.

हवामापक:
नॉबवर इतका खल चाललाय आणि हवेबद्दल कोणी एक ओळ लिहिली नाही. टणक जमिनीवर दोन पीएसआयचा (हवेच्या दाबाचं एकक) फरक हा दोन टायरांमधल्या फरकापेक्षा मोठा असतो. पकड टेकलेल्या रबरातून येते असं धाग्याच्या पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. रबर किती टेकणार हे ठरवते हवा.

सुरुवातीचा आकडा: ७५ किलोचा स्वार, २.४ इंची ट्यूबलेस टायर, आतून ३० मिलिमीटर रुंद रिम, तर पुढे २१ आणि मागे २४ पीएसआय. तिथून एकेक पीएसआय बदलत तेच वळण पुन्हा घ्यायचं. हवा जास्त असेल तर बाइक लहान खडबडीवर टणटणते आणि खडीवरून बाहेरच्या बाजूला सरकते. कमी असेल तर मागे रिम दगडावर आपटल्याचा आवाज येतो किंवा जोरदार वळणात टायर कुशीवर (बाजूच्या भिंतीवर) दुमडून फुस्सकन हवा सोडतं. रिमवर आणि टायरवर छापलेली मर्यादा ओलांडायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

आता उन्हाचा भाग. सावलीत २० अंशाला २५ पीएसआय भरलेलं टायर उन्हात तापून आतली हवा ४५ अंशांवर गेली, तर दाब किती? मोजमापाच्या २५ मध्ये वातावरणाचे १४.७ मिळवा, ३९.७ झाले. केल्विनमध्ये २९३ वरून ३१८, म्हणजे दाब साधारण साडेआठ टक्क्यांनी वाढून ४३.१. त्यातून १४.७ वजा केले की २८.४. पहाटे नीट लावलेली हवा दुपारी जवळपास साडेतीन पीएसआयने जास्त होते आणि लोक म्हणतात टायर घसरतं. वाटेच्या तोंडाशी पोचल्यावर, टायर तापल्यावर मोजा.

आणि १६० पर्यंत आकडे असलेल्या उभ्या पंपाच्या काट्यावर २२ आणि २५ यांतला फरक कळत नाही. कमी दाबासाठीचं डिजिटल मापक वेगळं घ्या.

टणकवाट:
@हवामापक, गणित मान्य. पण त्यातून माझाच मुद्दा पक्का होतो. हवा कमी केली की टायरची कूसही हलते. त्यावर उंच नॉब असेल तर कूस आणि नॉब दोघे मिळून वळवळतात. बुटक्या नॉबच्या टायरला तेवढीच हवा जास्त स्थिर वाटते.

@पुढचंचाक, अंगठ्याची कसोटी उंचीची नसून बुडाची आहे, हे पटलं. रुंद बुडाचा कडेचा नॉब असेल तर पुढे डिसेक्टर मान्य करतो. असेगाईवर मात्र ठाम आहे: ज्या वाटेत निम्मा वेळ चढ आणि सपाटी आहे तिथे ते कोरड्या मोसमात नकोच.

जाडकातडी:
हे सगळं वाचून कोणी हलकी शर्यतीची टायरं घेऊन येईल आणि पहिल्याच दगडी उतारावर कूस फाडून बसेल. बुटक्या नॉबचं टायर बहुतेकदा पातळ केसिंगमध्येच (केसिंग म्हणजे टायरचं मूळ कवच) मिळतं, आणि कोरड्या मोसमात दगड उघडे पडलेले असतात. ओल्या मातीत थोडा तरी हलणारा दगड वाळल्यावर जागचा हलत नाही, त्याची धार थेट कुशीत जाते. मधलं भोक सीलंट (आत भरलेला, भोक बुजवणारा द्रव) आणि प्लग (भोकात खुपसायची रबरी पट्टी) सांभाळतात. कुशीत सेंटिमीटरभराचा काप पडला तर टायर ट्यूबलेस राहत नाही. आतून तुकडा लावून, ट्यूब घालून घर गाठायचं आणि टायर बदलायचं.

म्हणून आधी केसिंग, मग ट्रेड, म्हणजे नॉबची नक्षी. मागे मॅक्सिसचं एक्सो प्लस हे जाड केसिंग किंवा त्या ताकदीचं काहीही. वजन वाढतं, चढावर जाणवतं, तरी घ्यावं. जाड कूस स्वतःच आधार देते, म्हणून एखादा पीएसआय कमीही चालतो आणि हवामापक यांना हवी ती पकड मिळते.

सीलंट उन्हाळ्यात लवकर वाळतं. २९ इंची, २.४ टायरला १०० ते १२० मिली भरा आणि दोन महिन्यांनी तपासा. चाक अधांतरी धरून व्हॉल्व्ह तळाला आणा, हवा सोडा, कोअर (व्हॉल्व्हच्या आतला सुटा भाग) काढा, प्लॅस्टिकची बारीक पट्टी आत बुडवा. ती कोरडी आली किंवा टोकाला रबराच्या गुठळ्या चिकटल्या तर पुन्हा भरा. चाक कानाशी हलवून 'आत आवाज येतोय' एवढ्यावर भागवू नका.

पुढचंचाक:
@जाडकातडी, मागच्यासाठी शंभर टक्के. पुढच्या चाकावर भार कमी पडतो, तिथे साधं, त्याहून पातळ एक्सो बऱ्याच जणांना पुरतं.

कंपाउंडचं, म्हणजे रबराच्या मिश्रणाचं राहिलं. मऊ रबर म्हणजे जास्त पकड, म्हणून सरसकट मॅक्सिसचं सर्वांत मऊ मॅक्सग्रिप किंवा श्वाल्बेचं जांभळ्या पट्टीचं अल्ट्रा सॉफ्ट घेतलं जातं. रबर थंडीत कडक होतं आणि उन्हात मऊ. तापलेल्या जमिनीवर त्याहून कमी मऊ मॅक्सटेरा किंवा नारिंगी पट्टीचं सॉफ्ट पुरेसं चिकट असतं, आणि अतिमऊ नॉब टणक जमिनीवर भराभर झिजतो. मागे तर अतिमऊ घेऊच नये.

फुफाटा:
इथे थोडा मतभेद. उघडा, गुळगुळीत कातळ असलेल्या वाटेवर पुढे मॅक्सग्रिपच. कातळावर धार रुतण्याचा प्रश्नच नाही, सगळी पकड रबराच्या मऊपणाची. झिजतं ते झिजू दे.

नवखा:
सध्या एकच टायर घेता येईल. पुढचं घेऊ की मागचं? आता दोन्हीकडे जुनं, मध्यम नॉबचं आहे. वाट टाचेच्या कसोटीने दुसऱ्या प्रकारची, बारीक खडीची.

पुढचंचाक:
पुढचं. आणि जुन्या दोनपैकी कमी झिजलेलं मागे लावा.

टणकवाट:
यावर वाद नाही, पुढचंच. मागे लावताना जुन्या टायरचे मधले नॉब पाहा: ब्रेकमुळे एक धार गोल झालेली असते, दुसरी अजून तीक्ष्ण. तीक्ष्ण धार कामाला येईल अशा दिशेने टायर बसवा, पण कुशीवरचा बाण पुढे-मागे दोन्हींसाठी वेगळा असेल तर तो पाळा. कडेचे नॉब मुळाशी चिरलेले असतील तर मात्र ते टायर मागेही लावू नका. टायर दोन्ही हातांनी पिळून कडा उघडा म्हणजे चीर दिसते.

हवामापक:
आणि नवं टायर बसवल्यावर जुन्याच आकड्याची हवा भरू नका. २.३ वरून २.४ ला गेलात तर एक पीएसआय कमी करून सुरुवात करा.