रेस मऊ करण्याचे तुमचे उद्योग

मुठाकाठची
परवा ताईची गाडी घेऊन सिंहगड रोडने धायरीला जात होते. पेट्रोल, ऑटोमॅटिक. राजाराम पुलापासूनच रांग. रेसवर (म्हणजे ॲक्सिलरेटरवर) पाय जरा दाबला की आधी काहीच नाही, आणि मग एकदम पुढच्या रिक्षाच्या अंगावर. मागून आई म्हणाली, "केबल वाळली असेल गं हिची." या गाडीत केबलच नाही हे सांगायला तोंड उघडलं आणि आमची लूना आठवली.

आई शाळेत लूनाने जायची. पावसाळा संपला की रेसची केबल दोन्ही टोकांनी सोडवून खिडकीच्या गजाला उभी टांगायची. वरच्या टोकाला दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा दोऱ्याने गच्च बांधायचा आणि त्यात शिलाई मशीनचं तेल. खालून आधी काळं पाणी, मग काळं तेल, मग स्वच्छ तेल ठिबकेपर्यंत केबलला कोणी हात लावायचा नाही. बसवल्यावर तिची परीक्षा एकच. मूठ पूर्ण पिळायची आणि सोडून द्यायची. ती आपली आपण खट्‌कन मागे आली पाहिजे. रेंगाळली तर परत सगळं काढ.

तर तुमच्या गाडीची रेस कशी मऊ केलीत ते लिहा. मुठीची, पायाची, कसलीही. गॅरेजवाल्यांना शिव्या घालायला दुसरे धागे आहेत.

पंपावरून
आमच्याकडे दुधाच्या पिशवीऐवजी सलाईनची नळी. काका कंपाउंडर होते.

चिंचेचं_झाड
तेल ठिबकून गॅलरीच्या शहाबादी फरशीवर डाग पडला होता तो घर विकेपर्यंत गेला नाही. आजी रांगोळीच्या निमित्ताने रोज त्यावर वर्तमानपत्र टाकायची आणि बाबांना ऐकू जाईल असं काहीतरी पुटपुटायची. रेस मऊ झाली का ते आठवत नाही, आजी नाही झाली.

गिअरवेडा
केबलवाल्यांसाठी. तेल घालण्याआधी केबल गेलीय कुठून ते बघा. गाडी स्टँडवर चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवा. नुसतं हँडल वळवून आवाज वाढत असेल तर केबल कुठेतरी ताणली जातेय, तेलाचा काही उपयोग नाही. मुठीला थोडा मोकळा खेळ हवाच, बहुतेक गाड्यांना २ ते ६ मिलिमीटर. अजिबात खेळ नसेल तर खड्ड्यात हात हलला की गाडी गचका देणार. खेळ फार असेल तर मूठ फिरते, गाडी तिथेच. अॅडजस्टर मुठीजवळच रबरी टोपीखाली असतो, स्वतः करता येतं.

आतल्या तारेची एक जरी लड तुटली असेल तर तेलपाणी करत बसू नका, बदला. ती लड अडकून मूठ उघडी राहिली तर नवले पुलाच्या उतारावर काय होईल ते सांगायला नको. नाना पेठेत जुन्यातल्या जुन्या गाडीची केबल मिळते, फक्त जुनी सोबत न्या, मापाला मापच लागतं.

आणि हल्लीच्या काही केबलना आतून प्लास्टिकचं अस्तर असतं. त्यात जाड ग्रीस कोंबलं की थंडीत मूठ उलट जड होते.

मुठाकाठची
@गिअरवेडा हँडल वळवून बघायचं माहीतच नव्हतं, मस्त. पण ताईच्या गाडीचं काय?

तेलकट_हात
ताई, 'आधी काही नाही मग एकदम' म्हणताय त्यात निम्मा वाटा थ्रॉटल बॉडीच्या काजळीचा असू शकतो. इंजिनात हवा जाते तिथे एक गोल पाकळी असते, बटरफ्लाय. इंजिनाच्या आतल्या तेलाच्या वाफा ब्रीदरच्या नळीतून परत हवेच्या वाटेला सोडलेल्या असतात. त्यांचं चिकट काळं कडं नेमकं पाकळीच्या काठावर जमतं. म्हणजे अगदी थोडी पाकळी उघडायची असते तिथेच हवेचं गणित बिघडतं. हायवेला पाकळी बरीच उघडी, तिथे काही कळत नाही. रांगेतच त्रास, म्हणून तो गाडीचा नाही ट्रॅफिकचा दोष वाटतो.

एअर फिल्टरनंतरचा पाइप काढा, टॉर्च मारून बघा. काळं कडं दिसलं तर थ्रॉटल बॉडीचा स्प्रे कापडावर मारून पुसून घ्यायचं. केबलची गाडी असेल तर पाकळी हाताने उघडली तरी चालते. ताईच्या गाडीत ती मोटर फिरवते, तिथे इग्निशन बंद ठेवा आणि बोटाने ढकलू नका, आतले दाते प्लास्टिकचे असतात. साफ झाल्यावर आयडलिंग (रेस न देता इंजिन फिरतं तो वेग) थोडं वर राहिलं तर घाबरू नका. कॉम्प्युटर काजळी धरून हिशेब करत होता, त्याला नवा हिशेब शिकायला वेळ लागतो. काही गाड्यांत स्कॅनर लावून शिकवावं लागतं.

वारज्याची_वहिनी
आमच्या ह्यांच्या गाडीत हे सगळं करून झालं, स्प्रे झाला, फिल्टर झाला, प्लग झाले. गचके तसेच. मग एकदा मी चालवली, एक गचका नाही. हे कोल्हापुरी घालून चालवतात आणि टाच हवेत. स्पीडब्रेकर आला की पाय उडतो, पायाबरोबर रेस, रेसबरोबर आम्ही सगळे. टाच जमिनीला टेकवायची आणि फक्त चवड्याने दाबायचं, एवढं सांगायला मला सासूबाईंची मध्यस्थी लागली.

पंपावरून
वहिनी 😂 साहेबांचा आयडी आहे का इथे?

वारज्याची_वहिनी
आहे. वाचतात, लिहीत नाहीत.

लांबचा_पल्ला
मी ते पेडलला लावायचं यंत्र घेतलं होतं, थ्रॉटल कंट्रोलर. पेडल आणि कॉम्प्युटरच्या मधे लागतं. लावल्या लावल्या वाटलं गाडीत दुसरं इंजिन बसवलं. दोन दिवसांत लक्षात आलं की ताकद तेवढीच आहे, फक्त अर्धा पाय दाबला की गाडीला पाऊण सांगितलं जातं. खंबाटकीत पूर्ण दाबल्यावर तीच गाडी, तेच ट्रक, तोच वेग. वर रांगेत आणखी टोचरी झाली. शेवटी मी त्याच्यावरचा उलटा मोड वापरतो, जो पेडल मंद करतो, आणि तो कर्वे रोडला खरंच सुखाचा आहे. पण त्यासाठी पैसे घालू नका, तुमच्या गाडीत इको मोड असेल तर तो फुकटात जवळपास तेच करतो.

तेलकट_हात
@लांबचा_पल्ला वॉरंटीतल्या गाडीला लावताना आधी विचारा. पेडलच्या आत दोन सेन्सर असतात, कॉम्प्युटर दोघांचे आकडे सतत ताडून बघतो. जुळले नाहीत की इंजिनाचा दिवा लावतो आणि गाडी लंगडत चालवतो. ते चांगलंच आहे, नाहीतर एक सेन्सर बिघडला आणि गाडी सुटली असं झालं असतं. स्वस्त यंत्राचा प्लग सैल बसला तरी हेच होतं.

हडपसरकर
गिअरलेस स्कूटरबद्दल कोणीच नाही? सिग्नलवरून सुटताना थरथर आणि मग झेप. सगळे केबल बदलतात, दोष पट्ट्याकडच्या पेटीत. आतले रोलर एका बाजूने घासून चपटे होतात, मग ते गोल फिरण्याऐवजी अडखळत सरकतात. मी रोलर, पट्टा बदलले, क्लचचे शू सँडपेपरने घासून घेतले. आता मूठ पिळली की लोण्यासारखी निघते. मगरपट्ट्यापासून घरापर्यंत पाय खाली न टेकता येतो, सिग्नल मेहरबान असेल तर.

सीएनजी_की_जय
रांगेतून लिहितोय, पुढे अजून बऱ्याच रिक्षा. गॅसवर पिकअप कमी असणारच, गॅस स्वतःच सिलेंडरमधली हवेची जागा खातो. कात्रज घाटात पेट्रोलवर टाका. पण गचका येत असेल तर प्लगची गॅप बघा, गॅसला ठिणगी जोरकस लागते, पेट्रोलवर चालून जाणारा जुना प्लग गॅसवर लगेच रडतो. गॅसचा फिल्टरही कोणी बदलत नाही.

चिंचेचं_झाड
कुठल्या पंपावर आहात? संध्याकाळी प्रेशर असतं का?

सीएनजी_की_जय
प्रेशर बरं आहे. सकाळी सहाला या, नाहीतर जेवून या.

बॅटरीवाला
इलेक्ट्रिकमध्ये उलटी तऱ्हा. मोटर शून्यापासून पूर्ण जोर देते, म्हणून दाबताना त्रास नाही. सोडताना आहे. पाय उचलला की रीजेन, म्हणजे मोटरच बॅटरी चार्ज करत ब्रेकसारखी वागते ते, गाडीला मागे ओढतं. आमच्या मातोश्रींना ताम्हिणीत दोनदा उलटी. रीजेन सगळ्यात कमी पातळीवर ठेवलं आणि पाय झटकन न उचलता हळूहळू सैल करायला लागलो, तेव्हापासून मागच्या सीटवर शांतता.

चिंचेचं_झाड
उलटीसाठी आवळा सुपारी. बाकी अवांतराबद्दल क्षमस्व.

मुठाकाठची
अपडेट. पाइप काढून बघितलं, कडं आहे, पण बारीक. खरा दोष सापडला तो वेगळाच. ताईने जुन्या मॅटवर दुसरी जाड मॅट टाकली आहे, तिची कड पेडलच्या खाली घुसते. कडेवरून पाय सरकेपर्यंत काही नाही, सरकला की भसकन. वरची मॅट डिकीत टाकली. काजळी पुढच्या सर्व्हिसिंगला.

गिअरवेडा
मॅटला खाली अडकवायचे हुक असतात ते लावा, नाहीतर ती परत पुढे सरकेल. ब्रेकखालीही बघितलं ना?

मुठाकाठची
बघितलं, तिथे मोकळं आहे. हुक तुटलेत. ताई म्हणते ती मॅट महाग होती, डिकीत का टाकली.

वारज्याची_वहिनी
ताईंनाही आयडी काढून द्या.