आयएसओ १४००१ लोक नक्की कशासाठी घेतात?

भोसरी_प्लेटर:
आमचं झिंक प्लेटिंगचं छोटं युनिट आहे. मोठ्या कस्टमरचा मेल आलाय, आयएसओ १४००१ (पर्यावरण सांभाळायच्या पद्धतीचं सर्टिफिकेट) घ्या नाहीतर नवीन पार्ट मिळणार नाहीत. प्रदूषण बोर्डाचं कन्सेंट (परवानगी) आहे, ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) रोज चालतो, मग हे वरून कशाला? भाऊ म्हणतो कन्सल्टंटला पैसे द्या, फाइल बनवा, विषय संपला. बाकीचेही एवढ्यासाठीच घेतात का?

ऑडिटवाली:
बहुतेकांची सुरुवात कस्टमरच्या पत्रानेच होते दादा. स्टँडर्ड आलं १९९६ ला, आणि १९९९ मध्ये फोर्ड आणि जनरल मोटर्सने सप्लायरना सांगून टाकलं की हे घ्यावंच लागेल, तिथून ते गाड्यांच्या धंद्यात खाली खाली झिरपत छोट्या व्हेंडरपर्यंत आलं. पण या सर्टिफिकेटचा अर्थ एवढाच की तुमच्याकडे कामाची पद्धत आहे. सांडपाण्यात कशाचं किती पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) सोडायचं ते बोर्डच ठरवतं, सँपल फेल गेलं तर सर्टिफिकेट दाखवून सुटका नाही.

टाकीवाला:
भावाचं ऐकू नका. फाइलवाली कामं मी लय बघितलीत, ऑडिटच्या आदल्या रात्री सह्या मारत बसतात. आमच्याकडे ॲस्पेक्टची (कुठल्या कामाने पर्यावरणावर परिणाम होतो त्याची) यादी करायला प्लेटिंग लाइनवरच उभं राहिलो तेव्हा दिसलं की पोरं पार्ट टांगलेला रॅक केमिकलच्या बाथमधून काढून लगेच रिन्समध्ये (धुवायच्या पाण्यात) घालतात, म्हणजे विकत घेतलेलं केमिकल थेट पाण्यात, मग तेच ईटीपीत अजून केमिकल घालून खाली बसवायचं आणि त्याचा स्लज (गाळ) किलोवर पैसे मोजून रांजणगावला घातक कचऱ्याच्या केंद्रावर पाठवायचा! रॅक टाकीवर दहा-पंधरा सेकंद निथळू दिला आणि दोन टाक्यांच्या मध्ये उतरती पट्टी लावली, एवढ्यानेच स्लज कमी झाला. मग रिन्सच्या टाक्या ओळीत जोडल्या, ताजं पाणी फक्त शेवटच्या टाकीत आणि तिथून उलटं मागे येतं. पाणीही वाचलं.

भोसरी_प्लेटर:
हे तर सर्टिफिकेट न घेताही करता येईल ना?

टाकीवाला:
येईल की, पण ऑर्डरच्या गडबडीत कोण करतं? सर्टिफिकेट तीन वर्षांचं असलं तरी ऑडिटर दरवर्षी येतो आणि मागच्या टार्गेटचं काय झालं विचारतो, त्या धाकाने आकडे लिहिले जातात.

ऑडिटवाली:
अगदी बरोबर. आणि आकडे काही नव्याने गोळा करायचे नाहीत, ३० सप्टेंबरपर्यंत बोर्डाला फॉर्म ५ (वर्षाचा पर्यावरण अहवाल) भरता त्यात पाणी, कच्चा माल, घातक कचरा सगळं असतंच. मागच्या काही वर्षांचे फॉर्म शेजारी ठेवून बघा, पहिलं टार्गेट तिथेच सापडेल. आणि कन्सल्टंट ठेवलाच तर आधी त्याला लाइनवर न्या, ऑफिसात बसून मॅन्युअल देणारा असेल तर नको.