मदत हवी आहे: इजिप्त, बाबांचे खांब आणि आईचे गुडघे

नमस्कार मंडळी! मुलुंडहून आम्ही चौघं जानेवारीत इजिप्तला जायचं म्हणतोय. कैरो, लक्झर, मग तांबड्या समुद्राकाठी हुरघाडाला तीन दिवस नुसतं लोळायचं. टूरवाल्याने लक्झरचं कर्नाक मंदिर आणि राजांची दरी (प्राचीन राजांच्या थडग्यांची जागा) एकाच सकाळी कोंबलीय, तीही नाईलच्या दोन वेगळ्या काठांवर! बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक, एकेका खांबापाशी रेंगाळणार. कर्नाकच्या एका दालनातच १३४ खांब. आईचे गुडघे मात्र एलिफंटाच्या पायऱ्यांवरच कुरकुरले होते. थडग्यांत उतरणं तिला जमेल का? फक्त आमच्यापुरता गाइड आणि गाडी इथूनच ठरवावी की तिथे पोचून? लक्झर ते हुरघाडा गाडीने कोणी गेलंय? आणि हो, आई-बाबा दोघंही शाकाहारी. डाळ-भात-मॅकरोनीच्या त्या कोशरीवर आठवडा निघेल ना?