मदत हवी आहे: खेळण्यातल्या रोबोटला ठिबकच्या नळ्यांचा हात बसवायचाय, आणि रंग चिकटच राहतोय

पाणवठा:
नमस्कार मंडळी. मी लोणारजवळच्या एका खेड्यात राहतो. शेती आणि ठिबकची फिटिंग ही कामं, बाकी वेळ हे उद्योग.

बाजारातून आणलेला एक अंतराळ-सैनिक रोबोट आहे, वीतभर उंच, मऊसर प्लास्टिकचा, हातात बंदूक. ती बंदूक मला काढायची आहे. लोणारच्या विवरात उतरून सरोवराचं पाणी तपासणारा यंत्रमानव करायचाय त्याचा. उल्का पडून बसाल्टात झालेलं, जवळपास १.८ किमी व्यासाचं विवर घराजवळ असताना मंगळावर कशाला जायचं? शिवाय २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं, तेव्हा नमुने घ्यायला माणसांनाच जावं लागलं. ते काम याला द्यायचं.

उजव्या हाताच्या जागी ठिबकची मायक्रो ट्यूब (बारीक काळी नळी), टोकाला ड्रिपर (थेंब सोडणारं बोंड), खांद्याला ग्रोमेट (रबरी कडी). पाठीवर फवारणी पंपाचं जुनं नोझल. जुळवून पाहिलं तर फार झकास दिसतं. अडचणी अशा:

१. मायक्रो ट्यूबला फेविक्विक लावलं तर वाळतं, पण बोटाने ढकललं की खपली निघावी तसं सुटतं.
२. गाड्यांच्या रंगाचा स्प्रे पायाच्या आतल्या बाजूला मारून पाहिला. आठवडा उलटला तरी हाताला चिकट लागतो. उन्हातही ठेवून झालं.
३. काळ्या मातीचा भेगाळलेला तळ करायचाय. फेव्हिकॉलमध्ये माती कालवली तर भेगाच पडत नाहीत.

साहित्य तालुक्याला मिळेल असंच सांगा. कुरिअरने येणाऱ्या परदेशी बाटल्या सुचवू नका, त्यांच्या किमती पाहून बायको मलाच विवरात सोडेल.

रंगारी_अकोला:
चिकट राहण्याचं कारण रंगात नाही, प्लास्टिकात आहे. मऊ खेळणी बहुतेक पीव्हीसीची असतात. पीव्हीसी मऊ राहावा म्हणून त्यात तेलासारखा पदार्थ, प्लास्टिसायझर, घातलेला असतो. तो हळूहळू रंगाच्या थरात उतरतो आणि थर कधीच कडक होऊ देत नाही. उन्हात ठेवाल तर काम आणखी बिघडेल, कारण उष्णतेने तो जास्त बाहेर येतो आणि मूर्तीचे पाय वाकतात ते वेगळंच.

तेवढा डाग सर्जिकल स्पिरिटच्या बोळ्याने पुसून बघा, आधी लपलेल्या कोपऱ्यावर. अ‍ॅसिटोन लावू नका, प्लास्टिकच खराब होईल. मग भांड्याच्या साबणाने अख्खा रोबोट धुवा, वाळवा, बारीक वॉटर पेपर (घासायचा कागद) पाणी लावून हलक्या हाताने फिरवा. त्यावर जेसोचा, म्हणजे रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचा, पातळ हात. जिथे कॅनव्हास मिळतो त्या दुकानात जेसो मिळतो. पुढे सगळं पाण्यात कालवणारं अ‍ॅक्रिलिक, पातळ, दोन-तीन हात. शाळेच्या स्टेशनरीतलं फेविक्रिलही चालतं.

बटाट्याची_चाळणी:
जेसो मारून वरून तोच गाडीचा स्प्रे मारला तर? फिनिश स्प्रेचंच चांगलं येतं.

रंगारी_अकोला:
नका मारू. ब्रशने दिलेला जेसो कुठे ना कुठे पातळ राहतो, स्प्रेतला द्रावक, म्हणजे थिनर, तिथून खाली प्लास्टिकपर्यंत जातो आणि पुन्हा तीच रड. आणि झिजलेलं यंत्र दाखवायचं असेल तर गुळगुळीत फिनिश हवंय कुणाला?

ठिबकवाला_वऱ्हाडी:
राजेहो, मायक्रो ट्यूबले फेविक्विक धरनच नाही! ते पॉलिथिन हाय ना बाप्पा. त्याले ना गोंद धरत ना रंग. फेविक्विकची बाटलीच कायची असते, कधी पाह्यलं का? त्याच जातीच्या प्लास्टिकची.

कोनतं प्लास्टिक काय हाय ते पाह्याचं असलं तर तुकडा पान्यात टाका. पॉलिथिन तरंगते, रोबोटचा तुकडा बुडते. भरपूर मीठ घातलेल्या पान्यात टनक खेळन्याचं प्लास्टिक बी वर येते, पन पीव्हीसी बहुतेक खालीच रायते.

आता जोडाचं. गोंदाच्या भरवशावर राहूच नका. मोटार रिवायंडिंगची तांब्याची जाड तार घ्या, नळीच्या पोकळीतून आरपार घाला, दुसरं टोक रोबोटच्या खांद्यात भोक पाडून अ‍ॅराल्डाइटनं (दोन भाग मिसळून लावाचा गोंद) बसवा. वजन तार धरते, नळी फक्त कपडा. आनि तार हाय म्हनून हात पाह्यजे तसा वाकवता येते. भोक हातड्रिलनं पाडा. तापवलेला दाभन पीव्हीसीत खुपसू नका, धूर वाईट असते त्याचा.

पाणवठा:
भाऊ, रोज तीच नळी हाताळतो, पण हे डोक्यातच आलं नव्हतं. तार घालून हात बसला, चांगला टणक बसला. नळी काळीच ठेवू का मग? रंगच धरत नसेल तर.

ठिबकवाला_वऱ्हाडी:
काळीच ठेवा, पाइप काळाच शोभते. रंगवाचीच असली तर लायटरची ज्योत नळीवरून झपकन फिरवा, थांबवाची नाही, वितळली नाही पाह्यजे. वरचा थर थोडा बदलते आनि रंग बऱ्यापैकी धरते. आधी भंगारातल्या तुकड्यावर, उघड्यावर.

सायगाव_ताई:
खांद्याचा जोड एम-सीलने बुजवा. दोन्ही भाग सारखे मळायचे, बोट ओलं करून गुळगुळीत करायचं. मात्र आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तो लवकर आवळतो, म्हणून सुपारीएवढाच मळा. वाळायच्या आत टाचणीने नट-बोल्टच्या खुणा उठवा. रंगही सकाळी लवकर करा, दुपारी अ‍ॅक्रिलिक ब्रशवरच सुकतं. डब्याच्या झाकणात ओलं फडकं, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग, म्हणजे बराच वेळ ओला राहतो.

तळाबद्दल: भेगा हव्यात तर फेव्हिकॉल आधी नकोच. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते, म्हणून तडकते. गोंद कणांना बांधून ठेवतो. धोतराच्या कापडातून गाळलेली माती नुसत्या पाण्यात कालवा आणि पातळ पसरा. पातळ थराला बारीक, जवळजवळच्या भेगा पडतात. जाड थराला शेतासारख्या रुंद पडतील आणि तुमचा रोबोट त्यात घोट्यापर्यंत जाईल. पूर्ण वाळल्यावर पाणी घातलेलं फेव्हिकॉल ड्रॉपरने कडेकडेने सोडा, थेट मध्ये टाकलं तर भेगा मिटतात.

पाणवठा:
ताई, पातळ थराचं कमाल निघालं. माती बांधावरचीच घेतली. विवरातून दगडमाती आणायची नाही, अभयारण्य आहे ते. काही मंडळी खिशात घालून आणतात, मला ते पटत नाही.

आता जुनेपणा. सगळीकडे तांबडी धूळ लावलेली चित्रं दिसतात.

रंगारी_अकोला:
तांबडी धूळ मंगळाची, लोहाच्या ऑक्साइडमुळे. तुमची काळी माती ओली असताना काळी, पण वाळली की राखाडी-तपकिरी होते. धूळ तीच लावा, नाहीतर खाली काळ्या भेगा आणि वर तांबडा रोबोट, दोघांची ओळखच लागणार नाही.

क्रम: मूळ रंग, मग काळपट रंगाचं खूप पातळ पाणी खाचांत. ते वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट रंग उंचवट्यांवर. मग फोमचा तुकडा गडद तपकिरीत बुडवून, कागदावर पुसून, फक्त जिथे घासलं जाईल तिथे टेकवा: गुडघे, पाऊल, ड्रिपरचं टोक. छातीच्या मधोमध ओरखडे कशाला? तिथे कोण घासणार?

आणि एक, सरोवराचं पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे. पाण्यात उभा राहणाऱ्या यंत्राच्या नळगुडीवर पांढरी क्षाररेषा हवी. खरं मीठ लावू नका, पावसाळ्यात ते ओल खेचून रंग सोडवेल. पांढऱ्या रंगात टाल्कम पावडर घालून फोमने टिपा, रेषा वाकडीतिकडी. शेवटी मॅट व्हार्निश. व्हार्निशखाली धूळ दबते, म्हणून आधी थोडी जास्तच लावा.

पाणवठा:
क्षाररेषेने सगळं चित्रच बदललं. भाचा म्हणतो डोळे पेटले पाहिजेत. डोक्यात जागा फार नाही.

बटाट्याची_चाळणी:
तीन मिमीचा लाल एलईडी आणि सीआर-२०३२ गोल सेल. सेल ३ व्होल्टचा, लाल एलईडीला साधारण २ लागतात. एवढा लहान सेल जास्त करंट देऊ शकत नाही, म्हणून रेझिस्टरशिवाय चालून जातं. मोबाइलचा चार्जर जोडायचा मोह झाला तर मात्र रेझिस्टर हवाच. सेल पाठीवरच्या नोझलमागे लपवा, काढता येईल असा, पण झाकणाला स्क्रू असू द्या. घरात लहान मूल असेल तर गोल सेल उघडा ठेवायचा नाही, गिळला तर फार वाईट.

ठिबकवाला_वऱ्हाडी:
वायर त्याच मायक्रो ट्यूबमधून न्या ना भाऊ. तांब्याच्या तारेले लागू नये म्हनून इन्शुलेशनवाली घ्या, बारीक हेडफोनची.